अवधान आणि अभिरुची : ऐकणाऱ्या वाचकाविषयी काही विचार

१

दौंड तालुक्यातील भांडगाव हे पुणे–सोलापूर महामार्गावरचे गाव. पुण्याहून निघालेल्याला सुमारे पन्नास किलोमीटरवर, यवत ओलांडल्यानंतर आणि केडगाव-चौफुला येण्यापूर्वी, ते लागते. तेथील माझ्या परिचयाचे एक गृहस्थ गुऱ्हाळाच्या हंगामात गुळाच्या ढेपा टेम्पोत भरून पुण्याच्या मार्केट यार्डात पोहोचवतात. जाण्यायेण्यात त्यांचे तीन-साडेतीन तास मोडतात आणि तेवढा वेळ ते मोबाइलवरून पुस्तके ऐकत असतात. एकदा एका नावाजलेल्या कादंबरीविषयी आमचे बोलणे निघाले. तिच्यातील प्रसंगांचा क्रम, पात्रांची परस्परांशी असलेली नाती, शेवटचा पेच हे सारे त्यांना नीट ठाऊक होते. एका पात्रावर लेखकाने अन्याय केला आहे, असे त्यांचे मतही होते. परंतु "तुम्ही ती केव्हा वाचली?" असे मी विचारताच ते अडखळले. "वाचली म्हणावं का ऐकली म्हणावं, सर? तुम्हीच सांगा," असे ते संकोचाने म्हणाले.

या संकोचाचे मूळ शोधावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ज्याला एखाद्या कादंबरीतील पात्ररचनेविषयी मत आहे, त्याला ती कादंबरी 'वाचली' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही असे वाटावे, ही गोष्ट क्षुल्लक नाही. हा अधिकार त्याला कोणी तोंडाने नाकारलेला नाही. तरीही पुस्तक, वाचन आणि अभिरुची यांविषयी आपल्या वाङ्मयव्यवहारात ज्या समजुती रूढ आहेत, त्यांनी तो मूकपणे नाकारला आहे आणि या समजुती घडविण्यात समीक्षेचाही वाटा आहे.

व्यवसाय, परीक्षा किंवा प्रतिष्ठा यांपैकी कोणत्याही कारणाने न बांधला गेलेला, फावल्या वेळी पुस्तक हाती घेणारा आणि रुचले नाही तर निःशंकपणे खाली ठेवणारा जो वाचक, त्याला येथे 'सहज वाचक' असे म्हटले आहे. मराठी समीक्षेला दोन वाचक परिचित आहेत. एक, संस्कृत साहित्यशास्त्राकडून वारशाने आलेला 'सहृदय'. दुसरा, खपाच्या आकड्यांत दिसणारा 'सर्वसामान्य वाचक'. पहिल्याला ती आदर्श मानते, दुसऱ्याविषयी ती चिंता व्यक्त करते. सहज वाचक या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो आता पुस्तके ऐकू लागला आहे आणि त्यामुळे त्याच्याविषयी दोन उत्तरे तत्परतेने दिली जातात. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, सबब हा वाचनसंस्कृतीचा ऱ्हास होय, हे एक उत्तर. आमची परंपराच मौखिक असल्यामुळे यात नवे काही नाही, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे मूळ प्रश्न टाळतात असे मला वाटते. प्रश्न डोळ्याचा की कानाचा हा नसून अवधानाचा आहे आणि अवधान हा शब्द मराठी वाङ्मयाला अगदी आरंभापासून परिचित आहे.

२

भारतीय साहित्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले. रंगभूमीवर पाहावयाचे ते दृश्य. उरलेले सारे, महाकाव्यापासून गद्यकथेपर्यंत, श्रव्य. हस्तलिखित डोळ्यांनी वाचले जात असे हे शास्त्रकारांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु लिपी हे काव्याचे स्मरणसाधन आणि उच्चार हे त्याचे अस्तित्व, अशीच त्यांची धारणा दिसते.

इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या 'ज्ञानेश्वरी'त ही धारणा रचनेतच उतरली आहे. तिच्यातील निवेदक सतत श्रोत्यांशी बोलतो, त्यांची क्षमा मागतो, त्यांचे कौतुक करतो. नवव्या अध्यायाच्या आरंभी तर तो त्यांच्याकडे अवधानाचेच मागणे मागतो. श्रोता या ग्रंथात उपस्थित आहे. त्याच्या अवधानावर ग्रंथाची सिद्धी अवलंबून आहे, असे ग्रंथकाराने स्वतः मानले आहे. आधुनिक काळात वोल्फगांग इझर यांच्यासारख्या अभ्यासकांनी वाचकाला संहितेच्या अर्थनिर्मितीत जे स्थान दिले, त्याच्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. तो आवरून एवढेच म्हणावे की, ऐकणाऱ्याचे लक्ष ही येथे गृहीत धरलेली वस्तू नाही. ती मागून घ्यावी लागते आणि टिकवावी लागते.

हे अवधान टिकविण्याच्या रीती परंपरेने निर्माण केल्या. भांडगावच्या परिसरात, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही गावात, अखंड हरिनाम सप्ताहातले पारायण पाहावे. व्यासपीठचालक पुढे बसलेला असतो. रांगेने बसलेले वाचक आपापल्या पोथीवर नजर ठेवून त्याच्याबरोबर ओव्या म्हणत असतात. यांत वाचणारा कोण आणि ऐकणारा कोण हे सांगता येत नाही. डोळा, कान आणि वाचा ही तिन्ही इंद्रिये एकाच ओळीवर गुंतलेली असतात. ज्याला अक्षर येत नाही तोही शेजारच्याच्या लयीत चालतो. रात्री कीर्तनात त्याच ग्रंथातील एखादी जागा उलगडली जाते. सकाळी जे कानावरून गेले ते रात्री अर्थासह परत येते. म्हणजे येथे श्रवण हे एकटे नाही. त्याच्या मागेपुढे पठण, निरूपण आणि चर्चा यांची साखळी आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी याच रस्त्याने यवतहून वरवंडकडे जाते, तेव्हा दिंडीतल्या चालीवर म्हटले जाणारे अभंग हेही चालत्या माणसांनी केलेले वाचनच असते.

परंतु अवधानाचा दुसराही एक प्रकार आहे आणि तो हातांत काम असलेल्या माणसाचा आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ भागातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन केले, त्यातील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. या ओव्या रचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बायकांचे हात खुंट्यावर होते. जात्याची फेरी हीच ओवीची लय होती. पिठाच्या गिरण्या आल्या तसे जाते थांबले आणि त्या ओवीचा प्रसंगच नाहीसा झाला. काम करता करता ऐकलेले वाङ्मय हे उथळच असणार, असे समजणाऱ्यांनी या ओव्यांतील दुःखाची आणि विनोदाची खोली एकदा तपासावी. त्याचबरोबर, टेम्पोत बसून पुस्तक ऐकणारा आणि जात्यावर बसून ओवी गाणारी यांना एकाच मापाने मोजणाऱ्यांनीही थांबावे. जात्यावरची स्त्री ऐकत होती तशी रचतही होती. पहिलीची ओवी संपली की दुसरी आपली ओवी घालीत असे. टेम्पोतील श्रोत्याला घालावयाला ओवी नाही. परंपरेचा गौरव करताना हा फरक विसरला गेला, तर तो गौरव केवळ आत्मसंतोष ठरतो.

३

मुद्रण आणि साक्षरता यांनी या चित्रात जो बदल केला, त्याचे एक बोलके उदाहरण भांडगावापासून जवळच, केडगावला आहे. पंडिता रमाबाईंनी तेथे मुक्ती मिशन उभारले आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुली व स्त्रिया यांना आश्रय दिला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ साली त्यांचा मृत्यू झाला आणि भाषांतर त्यानंतर प्रसिद्ध झाले. छपाईचे काम मिशनच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. ज्यांनी खिळे जुळविले त्यांच्यापैकी अनेकींना अक्षरओळखच मुक्तीत झालेली होती. संस्कृत विद्वत्तेचा मान मिळविलेल्या या पंडितेने भाषांतराची मराठी मात्र साध्या बाईला समजेल अशी हवी, हा आग्रह धरला.

या प्रयत्नाच्या धर्मविषयक हेतूंची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. वाङ्मयीन दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, नुकते वाचू लागलेले माणूस आणि वाचणाऱ्याच्या भोवती बसून ऐकणारी माणसे, यांना गृहीत धरून येथे एका मोठ्या ग्रंथाची भाषा ठरविली गेली. सहज वाचकाला कनिष्ठ मानून त्याला सोपे देणे निराळे आणि त्याला ग्रंथाचा खरा धनी मानून भाषा घडविणे निराळे. केडगावला दुसरी गोष्ट घडली.

आपल्या वाङ्मयव्यवहारात मात्र पुढे पहिलीच वृत्ती प्रबळ झाली. अभिरुची म्हणजे एक जिना आहे, तळाशी रहस्यकथा, तिच्यावर कौटुंबिक व ऐतिहासिक कादंबरी आणि माथ्यावर प्रयोगशील साहित्य, असे एक चित्र आपण मनात बाळगले. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली. समीक्षेने त्यांची दखल घेतली ती बहुधा या जिन्याची पहिली पायरी म्हणूनच. नारायण धारपांच्या भयकथा किंवा सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या यांच्याबाबत याहून निराळे घडले असे म्हणता येत नाही. जिन्याच्या या प्रतिमेत एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, वाचक वर चढतो आणि खालची पायरी सोडून देतो.

कोणत्याही गावच्या सार्वजनिक वाचनालयाची देवघेवीची नोंदवही चाळली, तर हे गृहीतक टिकणे कठीण आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे ग्रंथालयांना अनुदानाची व्यवस्था मिळाली आणि पुढे त्यांचे 'अ' ते 'ड' असे वर्ग पडले. वाचकांचे असे वर्ग मात्र त्या वहीत पडलेले दिसत नाहीत. एकाच खातेदाराच्या नावापुढे या आठवड्यात भयकथा, पुढच्या आठवड्यात 'मृत्युंजय', त्यानंतर शेतीविषयक पुस्तक आणि मग पुन्हा भयकथा, असा क्रम सहज आढळू शकतो. सहज वाचकाची अभिरुची जिन्यासारखी नसते. ती वावरासारखी असते. एका तुकड्यात ऊस, बांधाला तूर आणि विहिरीपाशी भाजी अशी ती एकाच वेळी नांदते. आमच्या गुळवाल्या गृहस्थांच्या मोबाइलमध्येही मी हेच पाहिले. शिवकालीन कादंबरी, एक चोरीचा तपास, एका उद्योजकाचे चरित्र आणि 'बनगरवाडी'. यांतील कोणते श्रेष्ठ, असे विचारता ते म्हणाले, "पहाटे निघताना एक लागतं, रात्री परतताना दुसरं." या उत्तरात कनिष्ठ अभिरुची दिसत असेल, तर दोष पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे. अवधानाच्या प्रकाराप्रमाणे पुस्तक निवडणे हा एक विवेकच आहे.

४

छापील पुस्तक कानापर्यंत नेण्याचा प्रयत्न मराठीत आज प्रथमच होत आहे असे नाही. १९५३ साली पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि १९५५–५६ मध्ये तेथून 'गीतरामायण' प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची ती छप्पन्न गीते आधी ऐकली गेली आणि मग पुस्तकरूपाने आली. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांचे कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव झाले. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या ध्वनिफिती घराघरांत वाजल्या. कथा या प्रकारालाच गौण ठरविणारी भूमिका भालचंद्र नेमाडे यांनी मांडली आणि तिच्यावर पुष्कळ वाद झाला. नियतकालिकांच्या गरजेतून वाढलेला, संकुचित अवकाशाचा प्रकार म्हणून कथेवर जे आक्षेप घेतले गेले, ते छापील कथेला उद्देशून होते. शंकर पाटलांची कथा हजार माणसांच्या मैदानात उभी राहात होती, तेव्हा तिचा अवकाश पानांच्या संख्येने ठरत नव्हता. ही बाजू त्या वादात पुरेशी पुढे आली नाही असे वाटते.

या सर्व उदाहरणांत आणि आजच्या श्राव्य पुस्तकांत एक महत्त्वाचा भेद आहे. कथाकथनात आवाज लेखकाचा होता आणि श्रोता समूहात होता. हशा कोठे पिकतो हे लेखकाला समोर दिसत असे व त्याप्रमाणे कथा प्रयोगागणिक थोडी बदलत असे. २०१७ साली स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि तिने आरंभापासूनच मराठी पुस्तके ध्वनिमुद्रित रूपात दिली. अन्य संस्थाही या क्षेत्रात उतरल्या. येथे आवाज बहुधा त्रयस्थ कलावंताचा असतो, श्रोता एकटा असतो आणि मुद्रण एकदाच होते. लेखक व श्रोता यांच्यामध्ये एक तिसरी व्यक्ती कायमची येऊन बसते. संहितेचे स्वरूप या व्यवस्थेत काय होते, हा समीक्षेचा प्रश्न आहे. त्याचे तीन भाग करता येतील.

पहिला भाग गाळण्याचा. छापील पुस्तकाचा सहज वाचक मजकूर गाळत वाचतो. रोलां बार्थ यांनी १९७३ सालच्या आपल्या संहितेच्या सुखाविषयीच्या पुस्तकात असे म्हटले आहे की, मोठ्या कथनांचे सुख काय वाचले आणि काय गाळले यांच्या लयीतूनच निर्माण होते. आपल्याकडेही ऐतिहासिक कादंबरीतील सूर्यास्त आणि दरबारवर्णने ओलांडून लढाईपाशी जाणारे वाचक थोडे नाहीत. ऐकणाऱ्याला ही सोय नाही. वेग वाढविता येतो, दहा-पंधरा सेकंदांची उडी मारता येते. परंतु कोठवर उडी मारावी हे त्याला दिसत नाही, कारण पुढचे पान त्याच्या नजरेत नसते. परिणामी त्याला सूर्यास्तही ऐकावा लागतो. आमच्या गृहस्थांनी सांगितले की, शाळेत असताना वाचलेली एक कादंबरी आता ऐकली, तेव्हा तिच्यात एवढे पाऊसपाणी आहे हे त्यांना प्रथमच कळले. ऱ्हासाची भाषा करणाऱ्यांनी याचा विचार करावा. ऐकणारा सहज वाचक संहितेशी छापील पुस्तकाच्या सहज वाचकापेक्षा कित्येकदा अधिक इमानी असतो, निदान अधिक शब्दांना सामोरा जातो. वर्णन रटाळ असेल तर तेही त्याला गाळता न आल्यामुळे अधिक तीव्रतेने जाणवते. लेखकाच्या शैलीची ही कठोर परीक्षाच होय.

दुसरा भाग मागे वळण्याचा. येथे मात्र कानाची बाजू दुबळी आहे. छापील पुस्तकाची स्मृती ही जागेची स्मृती असते. ते वाक्य डाव्या पानावर, खालच्या बाजूला होते, एवढे आठवले तरी हात तेथे जातो. ध्वनीला अशी जागा नाही. "मागं जाता येतं, पण कुठं जायचं ते कळत नाही," असे ते गृहस्थ म्हणाले, तेव्हा पुष्कळ पाने लागली असती असा एक सिद्धान्त त्यांनी एका वाक्यात सांगितला. वॉल्टर ऑन्ग यांनी १९८२ साली मौखिकता आणि साक्षरता यांविषयी लिहिताना मौखिक रचनेतील पुनरुक्तीची आवश्यकता विशद केली. बोललेला शब्द उच्चारताच विरून जातो, म्हणून बोलणाऱ्याला तोच मुद्दा पुन्हा पुन्हा आणावा लागतो. 'ज्ञानेश्वरी'तील दृष्टान्तांच्या माळा, कीर्तनातील ध्रुवपद, ओवीतील आवर्तने या सर्वांनी ऐकणाऱ्याला मागे वळण्याची सोय पुढेच करून ठेवली होती. आधुनिक कादंबरी अशी सोय ठेवीत नाही, कारण वाचकाचा हात पानावर आहे असे ती धरून चालते. 'कोसला'सारखी कादंबरी यासंदर्भात उद्बोधक आहे. पांडुरंग सांगवीकरचे निवेदन बोलीच्या लयीतले असल्यामुळे कानाला ते लगेच भावते. परंतु त्याच कादंबरीतील रोजनिशीचा भाग, नोंदींची तुटकता आणि त्यांतून साचत जाणारा अर्थ हा डोळ्याला अधिक सापडतो. एकाच कृतीत कानाची आणि डोळ्याची अशी दोन अवधाने वसत असतात, हे ऐकण्याच्या निमित्ताने स्पष्ट होते.

काही कृती तर निव्वळ डोळ्याच्याच आहेत. अरुण कोलटकरांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी 'जेजुरी'त, जेजुरी आणि रेल्वे स्टेशन यांच्या दरम्यान शेतात नाचणाऱ्या कोंबड्या शब्दांच्या वरखाली मांडणीने पानावर नाचविलेल्या आहेत. ती कविता कितीही चांगल्या आवाजात वाचली, तरी त्या कोंबड्या ऐकणाऱ्यापुढे नाचणार नाहीत. अशा कृतींमुळे श्राव्य पुस्तकांची मर्यादा दिसते, तशी छापील पानाची स्वतंत्र सत्ताही दिसते. पान हे केवळ आवाजाचे गोदाम नाही.

५

तिसरा भाग आवाजाचा आणि तो सर्वांत नाजूक आहे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वनी' हा शब्द काव्याचा आत्मा म्हणून योजला. त्याला अभिप्रेत असलेला ध्वनी म्हणजे न बोललेला, सुचविलेला अर्थ. घंटेचा टोला थांबल्यानंतरही जो नाद उरतो, तसा. श्राव्य पुस्तकाच्या संदर्भात या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकतात. कानाला ऐकू येणारा ध्वनी जितका ठाशीव, तितका काव्यार्थाचा ध्वनी आक्रसण्याचा संभव. पात्र एखादे साधे वाक्य बोलते. ते उपरोधाने की दुःखाने की केवळ थकव्याने, हे लेखकाने उघडे ठेवलेले असते. वाचक मनातल्या मनात ते दोन-तीन प्रकारे उच्चारून पाहतो. अभिवाचकाला ते एकाच प्रकारे उच्चारावे लागते. इझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतात, त्यांपैकी कित्येक आवाजाने आधीच भरून टाकलेल्या असतात.

ग्रामीण साहित्याच्या बाबतीत याचे स्वरूप अधिक गंभीर आहे. शंकर पाटलांचा पात्रसंवाद कोल्हापूरकडचा, व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेशातला. छापील पानावर भांडगावचा वाचक तो आपल्या भीमाकाठच्या हेलात वाचतो. लिपी त्याला तेवढी मोकळीक देते. त्यामुळे ते परके गाव त्याला थोडे आपले होते. ध्वनिमुद्रणात हे स्वातंत्र्य त्याच्याकडून काढून घेतले जाते. शहरी कलावंताने चित्रपट-नाटकांतून घडलेला एक सरसकट 'गावरान' सूर लावला, तर माणदेश, कोल्हापूर आणि दौंड यांतला भेद तर पुसला जातोच, शिवाय बोलणारे माणूस थट्टेचा विषय होते. आमच्या गृहस्थांनी एक कथासंग्रह वीस मिनिटांत बंद केला. कारण विचारता ते म्हणाले, "वाचणारा आमची नक्कल करतोय. आपल्याकडं असं कोण बोलतं, सांगा." पुढे त्यांनी वाचनालयातून तोच संग्रह आणला आणि तो त्यांना आवडला.

हा अभिप्राय मी समीक्षा म्हणून नोंदवू इच्छितो. त्यात संहिता आणि तिचा प्रयोग यांतला भेद ओळखलेला आहे. बोलीचे सत्य आणि बोलीचे सोंग यांतला भेद ओळखलेला आहे. आणि दोष पुस्तकाचा नाही याची शहानिशा पुस्तकाकडे परत जाऊन केलेली आहे. विद्यापीठीय समीक्षेने ग्रामीण साहित्याविषयी पुष्कळ लिहिले. परंतु ग्रामीण माणूस स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो तेव्हा काय होते, हे तिला विचारावेसे वाटले नाही, कारण आजवर संहिता मूक होती. ती आता बोलू लागली आहे. कोण बोलतो आणि कोणाच्या वतीने, हा जुना प्रश्न त्यामुळे अगदी शब्दशः उभा राहिला आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चांगला अभिवाचक कधी कधी वाचकाला न सापडलेली लय सापडवून देतो. 'बनगरवाडी'तील आखूड वाक्ये घाईने वाचणाऱ्याला कोरडी वाटू शकतात. संथ आणि संयत आवाजात ऐकताना दोन वाक्यांमधली शांतता ऐकू येते आणि माळाचा विस्तार त्या शांततेत आहे हे कळते. येथे ध्वनीने ध्वनी वाढविला आहे. म्हणजे आवाज हा स्वभावतःच संहितेचा शत्रू आहे असे नाही. नाट्यप्रयोगाची समीक्षा जशी आपण संहितेच्या समीक्षेहून वेगळी करतो, तशी अभिवाचनाची समीक्षाही वेगळी केली पाहिजे, एवढाच याचा अर्थ. आज ती कोणी करीत नाही. ध्वनिमुद्रित पुस्तकाला तारे दिले जातात. ते तारे कथानकाला दिले की आवाजाला, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

६

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. ऐकणे म्हणजे वाचणे की नाही, याचे सरसकट उत्तर नाही. पारायणातला श्रोता वाचतो, कारण त्याची नजर पोथीवर आहे आणि त्याच्याभोवती विचारणारी व सांगणारी माणसे आहेत. जात्यावरची स्त्री वाचकाच्याही पुढे जाते, कारण ती उत्तरादाखल रचते. टेम्पोतला श्रोता वाचतो की नाही, हे त्याच्या कानावर काय पडले यापेक्षा पुढे त्याने त्याचे काय केले यावर अवलंबून आहे. ज्याने रस्त्यावरच्या खड्ड्यात हरवलेले वाक्य शोधण्याचा प्रयत्न केला, आवाज खोटा वाटला म्हणून छापील पान गाठले, पात्रावरील अन्यायाबद्दल दुसऱ्याशी वाद घातला, त्याने अवधान दिले. आणि ज्याने चारशे पाने डोळ्यांखालून घालून त्यांतील एकाही शब्दाला प्रतिसाद दिला नाही, त्याने पुस्तक हाती धरले, एवढेच म्हणता येईल.

श्राव्य पुस्तकांमुळे जे खरोखर हरवते ते डोळ्याचे सुख नसून सभा आहे. जुन्या श्रवणाला भोवती माणसे होती; या नव्या श्रवणाला कानांतल्या दोन बोंडांपलीकडे कोणी नाही. ही सभा पुन्हा कशी भरवावी, हा वाचनालयांपुढचा, शिक्षकांपुढचा आणि नियतकालिकांपुढचाही प्रश्न आहे. गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा वाचणारे आणि ऐकणारे एकत्र बसले, एकाच पुस्तकाविषयी पान आणि आवाज यांची तुलना करू लागले, तर त्यासाठी फारशा निधीची गरज नाही. ऐकणाऱ्याला तेथे वाचकाइतक्याच मानाने बोलता आले पाहिजे, ही मात्र अट आहे.

समीक्षेचे कर्तव्य याहून थोडे अधिक आहे. सहज वाचकाची अभिरुची सुधारावयाची आहे, ही भूमिका तिने काही काळ बाजूला ठेवावी आणि ती अभिरुची कशी चालते हे आधी पाहावे. कोणते गद्य कानाला टिकते, कोणते टिकत नाही आणि न टिकणारे सर्वच गद्य वाईट असते काय, हे प्रश्न शैलीविचाराला नवे खाद्य पुरवू शकतात. त्यांची उत्तरे ग्रंथालयाच्या टेबलावर जशी मिळतील, तशी पहाटे पुण्याकडे निघालेल्या वाहनातही मिळतील.

गुळाच्या पुढच्या खेपेआधी ते गृहस्थ पुन्हा भेटले, तेव्हा मी त्यांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. "वाचली म्हणा," मी म्हणालो, "तुम्ही तिच्याशी भांडलात." त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग जी नुसती ऐकून विसरलो, ती?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. माझ्या स्वतःच्या कपाटातील कितीतरी पुस्तके मला त्या क्षणी आठवली.